हॉपरबाई आणि पहिला कंपायलर

व्हायव्हाला एक्स्टर्नलचा एक ठेवणीतला प्रश्न असतो. कंपायलर हा सुद्धा एक प्रोग्रॅमच, मग तो कशाने कंपाईल करतात? आपण सांगतो, दुसऱ्या कंपायलरने. मग तो दुसरा? तिसऱ्याने. मग सर हसून विचारतात की सगळ्यात पहिला कशाने केला? इथे बऱ्याच जणांची गाडी अडते.

आमच्या एम्बेडेडच्या लॅबमध्ये तर हा प्रश्न नुसता तोंडी राहत नाही, तो हाताने सोडवावा लागतो. आपला हॉस्टेलवरचा पीसी इंटेलचा नाहीतर एएमडीचा, आणि प्रोजेक्टच्या बोर्डवरची चिप असते आर्मची. दोघांची मशीनभाषाच वेगळी. पीसीवर साध्या जीसीसीने तयार केलेली फाईल बोर्डवर टाकली तर बोर्ड ती चालवायला सरळ नकार देतो. म्हणून पीसीवर बसून बोर्डासाठी कोड काढणारा कंपायलर लागतो, त्याला म्हणतात क्रॉस-कंपायलर. आणि तो एकटा येत नाही. असेंब्लर, लिंकर, सी लायब्ररी, कर्नलच्या हेडर फाईल्स असं सगळं वऱ्हाड बरोबर येतं. ह्या वऱ्हाडाचं नाव टूलचेन. तयार टूलचेन नेटवरून उतरवता येते हे खरं, पण एकदा तरी ती मुळापासून बांधून बघावी असं माझं मत आहे. कारण ती बांधताना पावलोपावली एका बाईंची आठवण येते, ज्यांनी वऱ्हाडातला पहिला माणूस मांडवात आणला. त्या बाई म्हणजे ग्रेस हॉपर. त्यांचं नाव आपल्यापैकी अनेकांना फक्त पाखराच्या गोष्टीमुळे माहीत असतं. पाखरू येईलच पुढे, पण बाई त्याहून फार मोठ्या होत्या.

ग्रेस ब्रूस्टर मरे यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ चा, न्यूयॉर्क शहरातला. सात वर्षांच्या असताना गजराचं घड्याळ कसं चालतं हे बघायला त्यांनी ते खोललं. परत जोडता येईना, म्हणून बघून जोडायला दुसरं खोललं. असं करत घरातली सातही घड्याळं खोलून झाली! आईने शेवटी त्यांना एकच घड्याळ खेळायला ठरवून दिलं. (आमच्या विंगमध्ये लॅपटॉप खोलणाऱ्या मंडळींनी हा प्रसंग घरी अवश्य सांगावा.) मुलींनाही मुलाइतकंच शिकवायचं हा वडिलांचा आग्रह होता. त्या काळात अमेरिकेतही ही गोष्ट सर्रास नव्हती.

१९२८ साली व्हॅसर कॉलेजातून गणित आणि भौतिकशास्त्र घेऊन त्या पदवीधर झाल्या. १९३० मध्ये येल विद्यापीठातून एम.ए. आणि १९३४ मध्ये तिथूनच गणितात पीएच.डी. दरम्यान १९३० मध्ये व्हिन्सेंट हॉपर यांच्याशी लग्न झालं, आणि १९३१ पासून त्या व्हॅसरमध्येच गणित शिकवू लागल्या. म्हणजे वयाच्या पस्तिशीपर्यंत गोष्ट अगदी सरळ होती. चांगली नोकरी, चांगला पगार, आवडता विषय. इथेच थांबल्या असत्या तर आज हा लेख लिहायचं कारण नव्हतं.

डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि अमेरिका युद्धात उतरली. हॉपरबाईंना नौदलात जायचं होतं. पण वय जास्त, आणि उंचीच्या मानाने वजन जवळजवळ सात किलो कमी! कुणीही सांगितलं असतं की बाई, तुम्ही शिकवताय तेच बरं आहे. त्यांनी वजनाची सवलत मागून घेतली, कॉलेजातून रजा काढली आणि डिसेंबर १९४३ मध्ये नौदलाच्या राखीव दलात भरती झाल्या. प्रशिक्षणात बऱ्याचशा मुली त्यांच्याहून खूप लहान होत्या. त्या तुकडीत हॉपरबाई पहिल्या आल्या.

२ जुलै १९४४ रोजी त्या हार्वर्डला हजर झाल्या. तिथे हॉवर्ड एकन हे कडक शिस्तीचे साहेब आणि त्यांचं मार्क वन नावाचं यंत्र. ५१ फूट लांब, ८ फूट उंच, वजन सुमारे ५ टन. सेकंदाला तीन बेरजा. एका गुणाकाराला सहा सेकंद, भागाकाराला पंधरा. आज आपल्या खिशातला मोबाईल बघून ह्याचं हसू येईल, पण त्या काळी ते आश्चर्यच होतं. एकनसाहेबांनी स्वागत वगैरे काही केलं नाही. यंत्र दाखवलं आणि आर्कटॅनच्या श्रेणीचे सहगुणक पुढच्या गुरुवारपर्यंत काढून द्यायला सांगितले. झालं! आपल्याकडच्या सबमिशनसारखंच. फरक इतकाच की मागच्या वर्षीचं जर्नल मिळायची सोय नव्हती.

मार्क वनचा प्रोग्रॅम म्हणजे कागदी पट्टीवर पाडलेली भोकं. तेच काम पुन्हा पुन्हा करायचं असेल तर पट्टीची दोन टोकं एकमेकांना चिकटवायची, की झाला लूप! याच यंत्रावर तोफांचे तक्ते निघाले आणि १९४४ मध्ये जॉन फॉन नॉयमान आपलं अणुबॉम्बच्या कामातलं गणितही इथेच घेऊन आले. या यंत्राचं ५०० हून जास्त पानांचं मॅन्युअल १९४६ मध्ये निघालं, त्यातलं मुख्य लिखाण हॉपरबाईंचं.

आता पाखरू. ९ सप्टेंबर १९४७ रोजी मार्क टू या पुढच्या यंत्राच्या एका रिलेमध्ये पाखरू अडकून मेलेलं सापडलं. ते चिकटपट्टीने नोंदवहीत चिकटवलं गेलं. ती वही वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाच्या ताब्यात आहे. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. ते पाखरू हॉपरबाईंनी स्वतः काढलं नव्हतं, आणि बग हा शब्द त्याच्या कितीतरी आधी, एडिसनच्या काळापासून इंजिनियर लोक वापरत होते. बाईंनी ती गोष्ट इतक्या रंगवून सांगितली की ती त्यांचीच होऊन बसली.

पाखरापेक्षा महत्त्वाची होती त्यांची वही. मार्क वनवर काम करणारी मंडळी साईन काढायचा तुकडा, वर्गमूळाचा तुकडा असे चालून सिद्ध झालेले प्रोग्रॅमचे तुकडे वहीत लिहून ठेवत. गरज पडली की एकमेकांच्या वहीतून उतरवून घेत. म्हणजे लायब्ररीच, फक्त वहीतली! अडचण कुठे? समजा तुकडा शून्य नंबरच्या ओळीपासून लिहिलेला आहे आणि तो नव्या प्रोग्रॅममध्ये २०० व्या ओळीपासून बसवायचा आहे. मग त्यातल्या प्रत्येक पत्त्यात २०० मिळवायचे. मोठमोठे गणिती हे करत होते आणि हमखास चुकत होते. उतरवताना चूक, मिळवताना चूक. बाईंच्या ध्यानात आलं की माणसाला नीट उतरवता येत नाही आणि नीट बेरीज करता येत नाही, आणि शेजारी उभ्या असलेल्या यंत्राला नेमक्या याच दोन गोष्टी उत्तम येतात. मग हे काम यंत्रानेच का करू नये?

विचार सोपा वाटतो, पण तो प्रत्यक्षात यायला मधे बरंच काही जावं लागलं. १९४५ मध्ये घटस्फोट झाला. युद्ध संपल्यावर नौदलाच्या कायम नोकरीसाठी अर्ज केला, तर वय जास्त म्हणून नकार. व्हॅसरने परत बोलावलं होतं, पण यंत्र सोडून जायला मन तयार नव्हतं. हार्वर्डमध्ये तात्पुरती नेमणूक, कायम जागेची आशा नाही. युद्धातल्या अहोरात्र कामात लागलेली दारूची सवय या काळात वाढत गेली. १९४९ च्या नोव्हेंबरमध्ये फिलाडेल्फियात दारूच्या नशेत असताना पोलिसांनी त्यांना पकडलंही. जवळच्या मित्रांनी त्यांना सावध केलं. हे मी मुद्दाम लिहितो आहे. थोरांच्या चरित्रात हा भाग आपण गाळतो आणि मग बॅकलॉग लागलेल्या, खचलेल्या मित्राला वाटतं की मोठी माणसं वेगळ्याच मातीची असतात. तसं काही नसतं. ह्या प्रसंगानंतर तीन वर्षांच्या आत बाईंनी ते काम केलं ज्यामुळे आज तुमची माझी शाखा उभी आहे.

१९४९ मध्येच त्या फिलाडेल्फियाच्या एकर्ट-मॉकली कंपनीत गेल्या होत्या. तिथे युनिव्हॅक तयार होत होता. पुढे १९५० मध्ये ही कंपनी रेमिंग्टन रँडने घेतली. तिथलं बायनॅक नावाचं यंत्र अष्टमान पद्धतीत चालायचं. त्याची सवय बाईंना इतकी झाली की घरच्या चेकबुकाचा हिशोब महिनोन्‌महिने जुळेना. बँकेत असलेल्या भावाने शोधून काढलं की ताई मधूनच आठच्या पायावर वजाबाकी करते आहे! माणसाने यंत्राची भाषा शिकायची की यंत्राने माणसाची, हा प्रश्न त्यांना असा घरातूनच पडला होता म्हणा ना.

१९५१-५२ मध्ये त्यांनी ए-० नावाचा प्रोग्रॅम लिहिला. कल्पना अशी की तपासून पक्के केलेले सगळे तुकडे चुंबकीय टेपवर ठेवायचे आणि प्रत्येकाला एक नंबर द्यायचा. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने फक्त कुठल्या क्रमाने कुठले नंबर हवेत ते लिहायचं. ए-० ते तुकडे टेपवरून उचलणार, पत्ते हिशोबाने बदलणार आणि सलग प्रोग्रॅम तयार करून देणार. तुकडे गोळा करून संकलन करणारा, म्हणून नाव कंपायलर. मित्रांनो, नीट बघितलंत तर हे काम आज कोण करतं? आपला लिंकर! लायब्ररीतून तुकडे उचलणं आणि पत्ते दुरुस्त करणं, ज्याला आपण रिलोकेशन म्हणतो, ते हेच. आजच्या व्याख्येत ए-० हा कंपायलरपेक्षा लिंकर आणि लोडरच जास्त होता. पण टूलचेनची पहिली कडी तिथे घडली.

त्यात एक छान पेच होता. टेप एकदाच पुढे जाणार, आणि प्रोग्रॅममध्ये अजून न आलेल्या ठिकाणी उडी मारायची असेल तर पत्ता आणायचा कुठून? बाई कॉलेजात बास्केटबॉल खेळायच्या. तेव्हाच्या मुलींच्या नियमांत चेंडू घेऊन फार पळता येत नसे. म्हणून चेंडू मैत्रिणीकडे टाकायचा, आपण पुढे पळायचं आणि तिच्याकडून परत घ्यायचा. बाईंनी तेच केलं. मेमरीच्या शेवटी एक कोपरा राखून ठेवला. पुढची उडी असली की आत्ता त्या कोपऱ्यात जा असं लिहायचं, आणि खरी जागा सापडली की कोपऱ्यातून तिकडे जाणारी उडी भरायची. फॉरवर्ड रेफरन्सचा हा प्रश्न आपण सिस्टिम प्रोग्रॅमिंगच्या पेपरात आठ मार्कांना लिहितो. त्याचं एक उत्तर मैदानावरून आलं होतं!

आणि एक्स्टर्नलच्या प्रश्नाचं उत्तरही इथेच आहे. पहिला असा प्रोग्रॅम माणसाने हाताने, मशीनच्या भाषेत लिहिला. मग त्याच्या मदतीने पुढचा, आणि त्याच्या मदतीने त्याच्या पुढचा.

तयार झाला तरी लोक मानायला तयार नव्हते. संगणक फक्त आकडेमोड करतो, तो प्रोग्रॅम कसा लिहील, असं त्यांना ऐकवलं गेलं. बाईंनी वाद घालत बसण्यापेक्षा पुढची आवृत्ती काढली. १९५३ ची ए-२ त्यांनी ग्राहकांना सोर्ससकट दिली आणि सुधारणा सुचवून परत पाठवायला सांगितलं. ओपन सोर्स हा शब्द जन्मायला अजून पंचेचाळीस वर्षं होती.

यानंतरची गोष्ट मला सगळ्यात आवडते. बाईंना वाटलं की गणिती चिन्हं आवडणारे लोक थोडे असतात, कारखान्यात आणि कचेरीत हिशोब करणाऱ्यांना साध्या शब्दांत प्रोग्रॅम लिहिता आला पाहिजे. त्यांनी इंग्रजी शब्द समजणाऱ्या कंपायलरचा नमुना तयार केला. मग साहेब लोकांना दाखवताना तेच शब्द बदलून फ्रेंच घातले, मग जर्मन घातले. यंत्राला काय? त्याच्या लेखी ती नुसती अक्षरांची माळ. यादीत शब्द बदलला की काम झालं. पण साहेब लोक घाबरले! अमेरिकेत बनवलेल्या यंत्राला फ्रेंच आणि जर्मन कसं समजेल, हे त्यांच्या पचनीच पडेना. शेवटी फक्त इंग्रजीच ठेवतो असं कबूल केल्यावर काम पुढे सरकलं. त्यातून फ्लो-मॅटिक ही भाषा आली.

मराठी माध्यमातून आलेल्या माझ्या फर्स्ट इयरच्या मित्रांना हे मला आवर्जून सांगायचं आहे. पहिल्या सेमिस्टरला वाटतं की हे सगळं इंग्रजी येणाऱ्यांचं काम आहे. यंत्राला इंग्रजी येत नाही हो! इफ आणि व्हाईल हे त्याच्या दृष्टीने यादीतले दोन शब्द आहेत. समजायचं असतं ते तर्क, आणि तो कुठल्याही भाषेत समजतो. ही गोष्ट एका बाईंनी १९५० च्या दशकातच करून दाखवली आहे.

मे १९५९ मध्ये पेंटागॉनमध्ये बैठक झाली आणि व्यापारी कामासाठी सगळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर चालेल अशी एकच भाषा करायचं ठरलं. ती कोबोल. कोबोल हॉपरबाईंनी एकट्याने केली असं लिहिलेलं आढळतं, ते बरोबर नाही. ती समितीने केली. बाई सल्लागार होत्या, पण पाया बराचसा फ्लो-मॅटिकचा होता. ६ आणि ७ डिसेंबर १९६० या दोन दिवसांत कोबोलमधला तोच प्रोग्रॅम जवळपास जसाच्या तसा दोन वेगळ्या यंत्रांवर चालवून दाखवला गेला. एक युनिव्हॅक टू, दुसरं आरसीए ५०१. कंपन्या वेगळ्या, मशीनभाषा वेगळी, प्रोग्रॅम तोच!

आता आपल्या लॅबमध्ये परत या. जीसीसी बांधताना कॉन्फिगरला तीन नावं सांगावी लागतात. बिल्ड म्हणजे कंपायलर कुठल्या मशीनवर बांधला जातोय, होस्ट म्हणजे तो कुठे चालणार, टार्गेट म्हणजे तो कोणासाठी कोड काढणार. आपल्या बाबतीत पहिली दोन पीसी, तिसरं आर्म. क्रम ठरलेला. आधी बायनयुटिल्स, म्हणजे आर्मसाठीचा असेंब्लर आणि लिंकर. मग कर्नलच्या हेडर फाईल्स. मग अर्धाकच्चा जीसीसी. त्याने सी लायब्ररी कंपाईल करायची, आणि शेवटी त्या लायब्ररीच्या आधारावर पूर्ण जीसीसी. मधला अर्धाकच्चा कशाला? कारण पूर्ण जीसीसीला लायब्ररी लागते आणि लायब्ररीला जीसीसी लागतो. कोंबडी आधी की अंडं! तोडगा तोच, की आधी जेमतेम चालेल असं काहीतरी उभं करायचं आणि त्याच्या खांद्यावर चढून पुढचं गाठायचं. लिंकर जेव्हा सीआरटी१ डॉट ओ सापडत नाही म्हणून रडतो, तेव्हा बहुतेक वेळा टार्गेटची लायब्ररी सिसरूटमध्ये नसते किंवा चुकीच्या जागी असते. टेपवर नंबर आहे, पण तुकडा नाही. १९५२ चाच प्रश्न, कपडे नवे.

हॉपरबाईंच्या नोकरीची कथाही मजेशीर आहे. १९६६ च्या शेवटी वयामुळे नौदलाने त्यांना निवृत्त केलं. १९६७ मध्ये सहा महिन्यांसाठी म्हणून परत बोलावलं, कारण प्रत्येक कंपनीची कोबोल आपापल्या वळणावर गेली होती आणि नौदलाला त्यात शिस्त हवी होती. कंपनीचा कंपायलर खरोखर प्रमाणाप्रमाणे आहे का हे तपासणारे प्रोग्रॅम त्यांच्या गटाने तयार केले. आज जीसीसी बांधल्यावर आपण मेक चेक देतो, तोच विचार. सहा महिन्यांची ती नेमणूक लांबत गेली. १९७१ मध्ये पुन्हा निवृत्ती, १९७२ मध्ये पुन्हा बोलावणं! १९७३ ला कॅप्टन, १९८३ ला कमोडोर, आणि १९८५ ला त्या पदाचं नाव बदलून रिअर ॲडमिरल झालं. १४ ऑगस्ट १९८६ रोजी, ७९ व्या वर्षी, बोस्टनमध्ये यूएसएस कॉन्स्टिट्यूशन या जुन्या जहाजावर त्यांचा निरोप झाला. त्यानंतरही घरी बसल्या नाहीत, डिजिटल इक्विपमेंट कंपनीत सल्लागार झाल्या.

भाषणांना जाताना बाई सुमारे ३० सेंटिमीटरचे वायरचे तुकडे घेऊन जात आणि वाटत. एका नॅनोसेकंदात वीज जास्तीत जास्त इतकंच अंतर जाऊ शकते, हे हातात धरून बघा म्हणत. मग मायक्रोसेकंद म्हणून जवळजवळ ३०० मीटरचं भेंडोळं दाखवत. ऑफिसातलं घड्याळ त्यांनी उलटं फिरणारं लावलं होतं. नेहमी असंच चालत आलंय, या वाक्याची त्यांना चीड होती आणि ते घड्याळ हे त्यावरचं उत्तर. वेळ त्यातही बरोबरच कळायची.

१ जानेवारी १९९२ रोजी त्या गेल्या. आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत लष्करी मानाने त्यांना निरोप दिला गेला. नौदलाच्या एका विनाशिकेला त्यांचं नाव आहे. २०१६ मध्ये त्यांना मरणोत्तर प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम मिळालं, आणि २०१७ मध्ये येलने आपल्या एका कॉलेजचं नाव बदलून ग्रेस हॉपर कॉलेज केलं.

असो. लेख लांबला. सांगायचं इतकंच की पुढच्या वेळी रात्री दोन वाजता टूलचेनचं बिल्ड अर्ध्यावर फुटेल, स्क्रीन लाल होईल आणि पार्टनर म्हणेल की सोड यार, तयार उतरवून घेऊ, तेव्हा जरूर उतरवा, डेडलाईन महत्त्वाची आहे. पण सुट्टीत एकदा ती स्वतः बांधा. घड्याळं खोलल्याशिवाय कळत नाहीत. आणि एक्स्टर्नलने तो प्रश्न विचारलाच, तर उत्तर आता तुम्हाला माहीत आहे.

— बी.ई. (ई अँड टीसी)